पुरवणी

विट्याच्या तहसीलसमोर, करंजाच्या सावलीत माझं टेबल.
त्यावर टंकयंत्र, 'ळ' निम्मा झिजलेला.
वारसाची नोंद, नावात बदल, रस्त्याची तक्रार,
एवढंच येतं माझ्याकडं.
गजराबाई मात्र परक्या संसदेतलं विधेयक घेऊन आली,
फडक्यात गुंडाळून,
भाकरी आणावी तसं.

भाच्यानं कुठून तरी छापून दिलेलं.
तेवीस कलमं. अजून मंजूर नाही.
ज्यांची विमानं होती, त्यांच्याच सभागृहात
एक बाई उभी राहून म्हणाली होती,
आपण मारलेल्या निःशस्त्रांचा हिशोब
आपणच द्यायला हवा, नावानिशी.
म्हणून समितीनं नातेवाइकांची निवेदनं मागवलेली.

हिंदुराव, तिचा मधला. लेंगऱ्याचा गलाईवाला.
आधी कोइमतूर, मग गुवाहाटी,
मग समुद्रापल्याड एका सराफपेठेत, भट्टीपुढं.

मी वाचत गेलो, मराठी करत गेलो.
कलम तीन : आनुषंगिक जीवितहानी.
"म्हंजी?"
म्हणालो, जाता जाता झालेली.
"त्यो कुठं जात हुता?
त्यो तर बसला हुता."

कलम सात : मृतांची संख्या, अंदाजे.
हे समजावावं लागलं नाही.
तिच्या घरात तीन पिढ्या तो शब्द कुणी काट्यापुढं काढलेला नाही.
सराफाच्या दुकानातला केर विकत घेणारी माणसं ही;
झाडूची हिरं, पायपुसणं, मोरीतला गाळ
जाळायचा, दळायचा, धुवायचा, तेजाबात सोडायचा,
तेव्हा कुठं गुंजभर पिवळं दिसतं.
ती म्हणाली, "केरातनं सोनं निघतंय,
मग ढिगातनं माणूस का निघू नये?"
हे मी टाइप केलं.
समितीला कळेल का, असं वाटलं.
खोडलं नाही.

रकाना अकरा : मृत्यूसमयी व्यक्ती काय करत होती?
फोन चालू होता. म्हणाला,
आये, जरा थांब, मूस उतरवतो.

ती थांबली आहे.

रकाना बारा : हातात काय होतं?
चिमटा. लोखंडी, दीड हात लांब.
मी थोडा वेळ बोटं उचलून बसलो.
विमानातून चिमटा कसा दिसत असेल?
मग लिहिलं, चिमटा. आणि पुढं, शस्त्र नव्हे.

सही म्हणून अंगठा घेतला. उठायला हवं होतं तिनं.
उठेना.
"त्याच्याजवळ एक पोरगं असायचं. सामी.
च्या आणून द्यायचं. त्याला आमची 'चल की' शिकवली हुती ह्यानं.
फोनवर मला म्हणायचं, आये, चल की.
त्येचं बी लिवा."
म्हणालो, बाई, हा अर्ज एकाचाच.
त्याच्या नात्यातलं कुणी देईल.
"आनि कुणी उरलंच नसंल तर?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं, कागद होता. घातला.

पुरवणी.
नाव : सामी. आडनाव : माहीत नाही.
वय : अंदाजे, असं लिहिलं आणि थांबलो.
तिनं छातीपाशी हात धरून उंची दाखवली.
लिहिलं, हिच्या छातीला लागेल एवढा.
धंदा : चहा. माझ्या मुलापेक्षा साखर कमी घालायचा.
अर्जदाराशी नातं :
इथं तिनं बराच वेळ रस्त्याकडं पाहिलं.
एक एसटी खानापूरकडं गेली, एक आली.
"आये म्हनायचं, एवढं लिवा."

मुल्ला सरांनी दोन रात्रींत इंग्रजी करून दिलं.
'चल की' मात्र त्यांनी तसंच ठेवलं.

पोस्टात बाबूनं पाकीट काट्यावर टाकलं.
बेचाळीस ग्रॅम, तो म्हणाला. ती आकड्याकडं
वाकून बघत राहिली,
मागच्यांची रांग खोळंबली तरी.
पावती चोळीत ठेवली.

जाताना म्हणाली, "कायदा झाला तर कळवा."
आणि नाही झाला तर?
"तरी कळवा की."